सरकारी पाहुणे आणि कोंबड्यांची वही

मंगळवार, तुनह्वांग

तुनह्वांगला येणारा जवळजवळ प्रत्येक जण मोगावच्या बौद्ध लेण्यांसाठी येतो. आम्हीही सकाळी लेणी पाहिली, ठरावीक फेरीत दाखवतात तेवढी. त्यांच्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे, म्हणून मी त्या विषयाला हात लावत नाही. माझा बेत वेगळा होता.

माझी सगळी नोकरी सरकारी विश्रामगृहांच्या देखभालीत गेली. कुठला साहेब कधी उतरणार, मोठी खोली कुणाला, खानसाम्याने किती अंडी मागवली आणि जेवणाचं बिल कुणाच्या नावावर टाकायचं, यातच केस पांढरे झाले. निवृत्तीनंतर चीनचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळलं, की हे सगळे प्रश्न तिथल्या सरकारने दोन हजार वर्षांपूर्वीच लेखी आणून ठेवले होते. माझी भाची शांघायला नोकरी करते, चिनी अस्खलित बोलते आणि वाचते. तिला म्हटलं, मला चीनमधली जुनी सर्किट हाऊसं दाखव. आधी हसली, मग रजा टाकून आली.

चौ राजवटीच्या कारभाराचं वर्णन करणारा एक प्राचीन ग्रंथ सांगतो, की रस्त्यावर दर १० ली अंतरावर खाण्यापिण्याची सोय असलेली झोपडी असावी, ३० लीवर मुक्कामाची जागा आणि ५० लीवर बाजार, आणि त्या बाजारात पाहुण्यांसाठी कोठारासकट घर. ली म्हणजे तेव्हाचे साधारण ४०० मीटर. यातलं प्रत्यक्षात किती उतरलं होतं यावर अभ्यासक वाद घालतात. हान काळाबद्दल मात्र वाद घालायला जागा उरलेली नाही, कारण एका विश्रामगृहाचं अख्खं दप्तरच वाळवंटात सापडलं आहे. ते इथून ६० किलोमीटरवर.

संध्याकाळी रात्रबाजारात जर्दाळूच्या सालींचं थंड सरबत प्यायलो. फार छान. गाढवाचं मांस घातलेल्या पिवळ्या शेवयांची इथे ख्याती आहे. भाचीने खाल्ल्या, मी पाहिल्या.

बुधवार, श्युएनछ्युएन

पूर्वेला ग्वाचौच्या रस्त्याने निघालो. गोबी म्हटलं की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात, पण इथे सगळी काळपट खडी, सपाट, आणि दक्षिणेला उघडेबोडके डोंगर. त्यांच्या पायथ्याशी कुंपण, दगडी फलक आणि बाकी जमीनच. १९९० ते १९९२ या काळात इथे उत्खनन झालं आणि मग अवशेष जपण्यासाठी पुन्हा बुजवले गेले. गाडीवाल्याने आम्हाला दोनदा विचारलं, नक्की इथेच यायचं होतं ना?

इथेच यायचं होतं. साधारण ५० मीटर लांब आणि तेवढीच रुंद मातीची गढी, दरवाजा पूर्वेला, कोपऱ्यांवर बुरूज, आत खोल्या, बाहेर दक्षिणेच्या अंगाला तबेले. नाव श्युएनछ्युएन, म्हणजे लटकता झरा. तायुआन देशावर, म्हणजे मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्यावर, स्वारी करून परतणाऱ्या ली ग्वांगली या सेनापतीने तहानलेल्या फौजेसाठी डोंगरात तलवार खुपसली आणि पाणी उसळलं, अशी दंतकथा आहे. निरोप पुढे धाडणं, घोडे बदलून देणं, वरिष्ठांना गाडी पुरवणं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जेवूखाऊ घालून झोपायला जागा देणं, ही चारही कामं याच ठाण्याची. माणसं ३७, घोडे ४० च्या आसपास.

आणि कागदपत्रं? लिहिलेल्या पट्ट्याच २३ हजारांहून जास्त. बहुतेक लाकडाच्या. कोरड्या हवेने त्या टिकवल्या. कचऱ्यात टाकलेल्याही टिकल्या, हे महत्त्वाचं. राजदरबारात जपलेला इतिहास नीटनेटका करून ठेवलेला असतो. टाकून दिलेल्या हिशेबाला कुणी हात लावत नाही.

मला सर्वांत आवडलेली नोंद इ.स.पू. ६२ सालची, कोंबड्यांच्या आवकजावकीची वही. किती कोंबड्या आल्या, किती गेल्या, कुठल्या अधिकाऱ्याच्या ताटात गेल्या, त्याची किती जेवणं झाली आणि तो पूर्वेला निघाला होता की पश्चिमेला. पश्चिमेला म्हणजे सरहद्दीकडे, पूर्वेला म्हणजे राजधानी चांगआनकडे. कोंबडी सगळ्यांना नव्हती. हुद्दा पाहून ताट. ही वही वाचताना मला हसू आलं आणि जरा धडधडलंही, कारण लेखापरीक्षकाच्या भीतीने लिहिलेलं अक्षर मी लांबून ओळखतो.

पाहुणेही साधे नव्हते. हानांची राजकन्या च्येयोऊ हिला तरुणपणी वूसुनांच्या राजाला दिली होती, स्टेपच्या गवताळ मुलखात. पन्नासएक वर्षं तिथे काढून, नवरे पुरून, सत्तरीच्या घरात आल्यावर तिने परत येण्याची परवानगी मागितली. इ.स.पू. ५१ मध्ये ती याच रस्त्याने चांगआनला गेली. तिच्या काफिल्याला गाड्याघोडे पुरवावेत असा हुकूम इथल्या पट्ट्यांत आहे. दोन वर्षांनी ती वारली. दुसऱ्या एका पट्टीत खोतानच्या राजाबरोबरचा आकडा आहे : १,०७४ माणसं. हजारावर पाहुणे आणि ३७ नोकर. त्या दिवशी स्वयंपाकघरात काय चाललं असेल, ते ज्याने मंत्र्याचा दौरा निभावला आहे त्यालाच कळेल.

तक्रारवहीही आहे. इ.स.पू. ३९ मध्ये कांगच्यू देशाच्या, म्हणजे आजच्या उझबेकिस्तान-कझाकस्तानच्या बाजूच्या, वकिलांनी गाऱ्हाणं मांडलं. ते नजराणा म्हणून उंट घेऊन आले होते. पूर्वी वाटेत जेवण मिळायचं, या खेपेला तुनह्वांगपासून च्यूछ्युएनपर्यंत मिळालं नाही. वर च्यूछ्युएनच्या अधिकाऱ्यांनी त्यांना बाजूला ठेवून परस्पर उंटांची किंमत लावली. धष्टपुष्ट उंट रोडके ठरवले आणि पांढरा उंट पिवळा लिहिला. ही तक्रार थेट राजधानीपर्यंत पोचली आणि तिथून चौकशी करून अहवाल पाठवा असं पत्र आलं. चौकशीत काय निघालं ते पट्टी सांगत नाही. पण परदेशी पाहुण्याच्या उंटाचा रंग चुकला म्हणून राजधानीतून खाली विचारणा होते, हे मला तरी थोर वाटलं.

वारा सुटला होता. भाची म्हणाली, मामा, चला, इथे आता कोंबडीही मिळणार नाही. रात्रीच्या गाडीने लानचौकडे निघालो.

गुरुवार, लानचौ

सकाळी पिवळी नदी ओलांडताना जाग आली. लानचौत गोमांसाच्या शेवयांशिवाय सकाळ होत नाही, पण मी आपला वाफवलेल्या रोटीवर भागवलं.

श्युएनछ्युएनच्या पट्ट्यांसाठी इथे २०२३ मध्ये नवं, मोठं संग्रहालय उघडलं आहे. पट्ट्या मला वाटल्या होत्या त्याहून पुष्कळ बारीक निघाल्या, वीतभर लांब, बोटभर रुंद, आणि त्यांवर शाईने रांगेत उतरलेली अक्षरं. कागदाचे तुकडेही तिथे सापडले. काहींवर औषधांची नावं आहेत, म्हणजे पुडी बांधायला वापरलेला कागद. इ.स. ५ मध्ये ठाण्याच्या भिंतीवर लिहिलेलं एक लांबलचक शासकीय फर्मानही मिळालं, ५० कलमांचं. वसंतात झाडं तोडू नका, घरटी मोडू नका, पिल्लं मारू नका, असं ऋतूवार. काढलं वृद्ध राजमातेच्या नावाने, कर्ताकरविता वांग मांग, जो चारच वर्षांनी स्वतः सिंहासनावर बसला. वाळवंटात झाडं कुठली? पण परिपत्रक आलं की दर्शनी भागात लावायचं, हा नियम तेव्हाही होता.

दुपारी प्रांतिक संग्रहालयात एक वीट पाहायला गेलो. १९७२ मध्ये च्यायूग्वानजवळच्या थडग्यात सापडलेली, तिसऱ्या-चौथ्या शतकातली. तिच्यावर टपाल घेऊन दौडणारा स्वार रंगवला आहे. हातात पत्र, घोडा भरधाव. स्वाराला नाक आहे, डोळे आहेत, तोंड नाही. निरोप्याने निरोप फोडायचा नाही म्हणून तोंड काढलं नाही, असं मार्गदर्शक सांगतात. चित्रकार विसरला असेल, ही शक्यता मला जास्त पटते. १९८२ मध्ये हा स्वार चीनच्या टपाल तिकिटावर आला.

संध्याकाळच्या जलद गाडीने शीआन.

शुक्रवार, शीआन

शीआन म्हणजेच जुनं चांगआन. मातीच्या फौजेकडे आम्ही गेलोच नाही, यावर हॉटेलमधला माणूस अविश्वासाने बघत राहिला. शेन्सी इतिहास संग्रहालयातल्या भित्तिचित्रांच्या दालनाचं तिकीट वेगळं असतं आणि ते आधी काढावं लागतं. तिथलं एक चित्र मला पाहायचं होतं. थांग घराण्यातला राजपुत्र ली श्येन याच्या थडग्यातलं, आठव्या शतकाच्या सुरुवातीचं, १९७१-७२ च्या उत्खननात मिळालेलं.

चित्रात सहा माणसं आहेत. तिघं चिनी अधिकारी, काळ्या जाळीदार टोप्या, लांब अंगरखे. त्यांच्या मागे तिघं परदेशी : एक टक्कल पडलेला, खोल डोळ्यांचा, मोठ्या नाकाचा; एक डोक्यावर पिसं खोचलेला, बहुधा कोरियाचा; एक केसाळ टोपी आणि जाड झगा घातलेला, ईशान्येच्या थंड मुलखातला. अधिकारी आपसात बोलताहेत. पाहुणे हात जोडून ताटकळताहेत. स्वागत असं या चित्राला नाव दिलं गेलंय, पण मला तर यात कचेरीबाहेरचा व्हरांडा दिसला. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य कुणी रंगवलं तर असंच रंगवेल.

ते अधिकारी होंगलू खात्याचे. परदेशी वकील, त्यांची सोय, दरबारात कसं वाकायचं याची तालीम, मेले तर अंत्यविधी, सगळं या खात्याकडे. खात्याची कचेरी आणि तिला लागून पाहुण्यांचं निवासस्थान शाही नगरीच्या दक्षिण भिंतीच्या आत होतं, चूछ्वे आणि हान्ग्वांग या दोन दरवाजांच्या मधे. आज तिथे मिंग काळातला कोट आहे आणि आत साधी वस्ती. हान्ग्वांग दरवाजाचे थांग काळातले अवशेष एका छोट्या संग्रहालयात जपले आहेत. तिथून चूछ्वेपर्यंत आतल्या गल्ल्यांनी चालत गेलो. इस्त्रीवाला, शाळा, भाजीची गाडी. निवासस्थानाची एक वीटही दिसत नाही.

पण त्या निवासस्थानाची एक हकीकत अशी आहे, की तिच्यापुढे आमच्या खात्यातल्या सगळ्या हकीकती फिक्या. आठव्या शतकाच्या मध्यावर तिबेटी फौजांनी पश्चिमेचा रस्ता तोडला आणि मध्य आशियातून आलेले वकील चांगआनमध्ये अडकले. सरकारी पाहुणे ते. त्यांना जेवणखर्च चालू राहिला. एक वर्ष, दहा वर्षं, चाळीस वर्षं. ७८७ मध्ये ली मी नावाच्या मंत्र्याने यादी काढायला लावली. निघाले काय, तर शहरात घर-जमीन घेतलेले ४,००० जण. यांनी इथे लग्नं केली होती, मुलं झाली होती, व्याजबट्ट्याचा धंदा उत्तम चालला होता, आणि महिन्याच्या महिन्याला पाहुणा म्हणून शिधा मिळत होता.

ली मीने शिधा बंद केला. सगळे गाऱ्हाणं घेऊन मंत्रालयात! तो म्हणाला, चूक तुमची नाही, आधीच्या मंत्र्यांची आहे. जगात कुठे वकील चाळीस वर्षं राहतो? आता उइगुरांच्या मुलखातून किंवा समुद्रमार्गे तुम्हाला घरी पोचवतो. ज्याला जायचं नसेल त्याने फौजेत नाव घालावं, पगार घ्यावा. एकही घरी गेला नाही. होंगलूच्या दप्तरी खरे पाहुणे उरले दहाबारा, आणि सरकारचे वर्षाला ५ लाख माळा नाणी वाचली. एका माळेत हजार नाणी.

हे ऐकून भाची म्हणाली, मामा, तुमच्याकडे असे कितीजण होते? मी विषय बदलला.

शनिवार, मावेई

थांगांच्या भरभराटीच्या दिवसांत देशभर १,६३९ ठाणी होती, जमिनीवरची आणि नदीकाठची मिळून. नियमाने ३० लीला एक. त्यांत कुणी शिरायचं याचा कायदा कडक होता. अधिकार नसताना ठाण्यात पाऊल टाकलं तर ४० छड्या. तिथलं खाल्लं किंवा घेतलं तर १०० दंडे. सरकारी निरोप्याला एक दिवस उशीर झाला तर ८०. तरीही कवी मंडळी ठाण्यांच्या भिंती कवितांनी भरून टाकत. बाय च्यूयी तर प्रत्येक ठाण्यावर उतरला की आधी भिंती आणि खांबांभोवती फिरून मित्र युआन चेनने काही लिहिलंय का ते शोधायचा. आपल्याकडे भिंतीवर लिहिणारे असतात, शोधत फिरणारा मित्र नसतो.

मावेई हे शीआनच्या पश्चिमेला ६० किलोमीटरच्या आसपास. आता इथे सहलीची गर्दी, खाऊगल्ली, रंगीत दिवे. टेकडीच्या उतारावर थांग सम्राट श्वानझोंगच्या लाडक्या राणीची, यांग ग्वेइफेईची समाधी आहे. मातीचा उंचवटा विटांनी झाकलेला. तिच्या थडग्याची माती चेहऱ्याला लावली की रूप उजळतं म्हणून बाया माती नेत, म्हणून विटा बसवल्या असं सांगतात.

७५६ च्या उन्हाळ्यात आन लूशान या सेनापतीच्या बंडामुळे सम्राट श्वानझोंग राजधानीतून पहाटे निघाला. पुढच्या ठाण्यांवर सोय करायला ज्याला पाठवलं तोच पळून गेला. पहिल्या दुपारी सम्राटाला जेवण नाही; मंत्री यांग ग्वोचोंगने बाजारातून तिळाची रोटी आणली. गावकऱ्यांनी जाडंभरडं धान्य शिजवून दिलं ते राजाच्या नातवंडांनी हातांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी मावेईच्या ठाण्यावर पोचले तेव्हा शिपाई उपाशी आणि चिडलेले. तेवढ्यात बरोबरच्या वीसएक तिबेटी वकिलांनी ग्वोचोंगचा घोडा अडवला : आम्हाला खायला काही नाही. तो उत्तर देण्याआधीच शिपाई ओरडले, बघा, हा परक्यांशी संगनमत करतोय! त्याला तिथेच कापला. मग त्याची चुलत बहीण ग्वेइफेई हिचाही निकाल लावा म्हणून फौज अडून बसली. ठाण्याच्या बुद्धमंदिरात तिला गळा आवळून मारलं आणि प्रेत अंगणात ठेवून सरदारांना दाखवलं.

या प्रसंगावर चीनमध्ये हजार वर्षं काव्यं झाली, प्रेमाची, विरहाची. मला त्यात सारखे ते तिबेटी वकील दिसत राहिले. सरकारी पाहुणे. त्यांनी शिध्याबद्दल विचारलं, जे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, आणि त्यातून साम्राज्याचं पान उलटलं. ग्वोचोंगबरोबर तेही जिवाला मुकले असतील का, असं भाचीने विचारलं. मुख्य कथेत त्यांच्याकडे परत कुणी वळून पाहत नाही.

रविवार, लोयांग

जलद गाडी ह्वायिन ओलांडते तेव्हा उजव्या हाताला ह्वाशान डोंगर दिसतो. याच भागात फूश्वेईचं ठाणं होतं. ८१० मध्ये तोच कवी युआन चेन, जो राजाचा तपासनीस अधिकारीही होता, तिथल्या मुख्य दालनात उतरला. रात्री दरबारातले हिजडे अधिकारी आले. खोली आमची. दार तोडून आत शिरले, आणि एकाने युआन चेनच्या तोंडावर चाबूक ओढला. शिक्षा कुणाला झाली? युआन चेनला. पदावनती करून दूर दक्षिणेला बदली. खोलीवरून झालेल्या भांडणात मार खाणाऱ्याचीच बदली होते, हे वाचून मी पुस्तक मिटून खिडकीतून बघत बसलो.

लोयांगला उतरून थेट तिंगतिंग दरवाजाच्या जागेवर गेलो. स्वे आणि थांग काळातल्या शहराचा हा दक्षिण दरवाजा. अवशेषांवर नवी इमारत उभी करून आत संग्रहालय केलं आहे. बाहेरच्या जुन्या रस्त्यावर माणसांच्या पावलांबरोबर उंटांच्या खुरांचे ठसेही सापडले. स्वे सम्राट यांगने याच दरवाजाबाहेर चार दिशांच्या वकिलांसाठी निवासस्थान बांधलं होतं.

या सम्राटाला पाहुण्यांना दिपवण्याची फार हौस. ६१० मध्ये परदेशी पाहुणे आले तेव्हा बाजारातली झाडं रेशमाने गुंडाळली. खानावळवाल्यांना हुकूम दिला, की परदेशी दिसला की बोलवा, जेवू घाला, पैसे घेऊ नका आणि सांगा, आमच्या देशात एवढी सुबत्ता आहे की जेवणाचे पैसे घ्यायची रीतच नाही. पाहुणे चकित झाले. त्यांतले चाणाक्ष मात्र म्हणाले, तुमच्याकडे अंगावर धड कपडा नसलेली माणसंही दिसतात. हे रेशीम त्यांना दिलं असतं, झाडांना कशाला? बाजारातले लोक खाली मान घालून उभे राहिले. आठ वर्षांत घराणं बुडालं.

आता ज्यासाठी मी हा मुक्काम मुद्दाम घेतला होता ते. थांगांच्या इतिहासात ६९२ सालची नोंद आहे, की हिंदुस्थानच्या पाचही भागांच्या राजांकडून वकील नजराणे घेऊन आले. दक्षिणेच्या राजाचं नाव चिनी अक्षरांत 'चेलौछी पालोपो'. अभ्यासक ते 'चालुक्य वल्लभ' असं वाचतात. त्या वर्षी बदामीच्या गादीवर विनयादित्य होता आणि महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या राज्यात होता. चीनमध्ये तेव्हा सम्राज्ञी वू झतिएनची सत्ता होती आणि तिची राजधानी चांगआन नव्हे, हे लोयांग.

यानंतर तीनच वर्षांनी, ६९५ मध्ये, परदेशी वकिलांच्या शिध्याचा दर ठरवणारा हुकूम निघाला. दक्षिण हिंदुस्थान, उत्तर हिंदुस्थान, इराण आणि अरब यांच्या वकिलांना ६ महिन्यांचं धान्य. श्रीविजय, कंबोडिया, जावा यांना ५ महिन्यांचं. आजच्या मध्य व्हिएतनाममधल्या लिनयीला ३ महिन्यांचं. जितकं लांब तितकं जास्त. चालुक्यांचे वकील कोण होते, किती जण होते, त्यांनी गव्हाच्या शेवयांशी कसं जुळवून घेतलं, यातलं काही उरलेलं नाही. पण दख्खनचा माणूस लोयांगच्या सरकारी पाहुण्यांच्या यादीत होता आणि त्याला सर्वांत वरच्या दर्जाचा शिधा मंजूर झाला होता, हे पक्कं. त्या उंटांच्या खुरांपाशी मी जरा जास्तच वेळ रेंगाळलो. भाचीने फोटो काढला. त्यात मी विनाकारण ऐटीत उभा आहे.

सोमवार, बीजिंग

संग्रहालयं सोमवारी बंद, म्हणून आजचा दिवस रस्त्यांचा. त्यानआनमन चौकाच्या पूर्वेला तोंगच्याओमिनशियांग नावाची लांब, सावलीची गल्ली आहे. युरोपीय धाटणीच्या दगडी इमारती, जुने दूतावास, एक चर्च. परदेशी वकिलाती इथेच का वसल्या, याचं मूळ मिंग काळात आहे. मिंगांचं परदेशी पाहुण्यांचं निवासस्थान, ह्वेईथोंग ग्वान, उत्तर आणि दक्षिण अशा दोन भागांत होतं आणि दक्षिणेचा भाग या गल्लीपाशी. कोरियाचे वकील शतकानुशतकं याच परिसरात उतरले. १७२७ च्या क्याख्ता तहानंतर रशियनांना इथेच जागा मिळाली. १८६० नंतर बाकीच्यांनी आजूबाजूची जागा धरली.

मिंगांचा पाहुणचार म्हणजे आदरही आणि पहाराही. वकिलाने मनाला येईल तेव्हा शहरात हिंडायचं नाही. दरबारात हजेरी झाली, बक्षिसं मिळाली, की निवासस्थानाच्या आवारातच ३ किंवा ५ दिवस बाजार भरवायची मुभा. कोरिया आणि र्‍यूक्यू बेटांना दिवसांची अट नाही. भाषेचीही सोय केलेली होती. १४०७ मध्ये दुभाषांची शाळा निघाली, मंगोल, जुर्चेन, तिबेटी, फारसी, ब्रह्मी अशा आठ विभागांची. त्यांत एक विभाग हिंदुस्थानचा होता.

या सगळ्याचा खर्च रस्त्याकाठच्या शेतकऱ्यांवर पडायचा. घोडा त्यांचा, चारा त्यांचा, ओझं वाहणारा माणूस त्यांचा. बडे अधिकारी प्रवासाचे परवाने नातेवाइकांना, मित्रांना वाटत आणि ठाणी पिळून निघत. १६२९ मध्ये छोंगचन सम्राटाने पैसे वाचवण्यासाठी ठाण्यांना कात्री लावली. हजारो माणसं बेकार झाली. त्यांत शेन्सीच्या मिची तालुक्यातल्या ठाण्यावरचा ली त्सछंग नावाचा एक माणूस होता. तो बंडखोरांत सामील झाला, पुढारी झाला आणि १६४४ च्या वसंतात फौज घेऊन बीजिंगमध्ये शिरला. सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर फास लावून घेतला. ती टेकडी, चिंगशान, आज बाग आहे. संध्याकाळी वर चढून गेलो. म्हातारी मंडळी कोरसमध्ये गात होती.

मंगळवार, जीमिंगयी

बीजिंगहून चांगच्याकोउच्या जलद गाडीने श्याह्वायुआन उत्तर स्थानक आणि तिथून टॅक्सी. जीमिंगयी म्हणजे ठाण्याचं अख्खं तटबंदीचं गाव. मंगोल काळापासूनची जागा, १४२० मध्ये मिंगांनी वाढवलेली, १५७० मध्ये मातीच्या तटाला विटांचं अस्तर. तटाचा घेर सुमारे २ किलोमीटर, दरवाजे पूर्व आणि पश्चिम असे दोनच. आत ठाणेदाराची कचेरी, वरिष्ठांसाठी वेगळा वाडा, तबेले आणि देवळंच देवळं. तटावरून पाहिलं की घराघरांत वाळत घातलेला मका दिसतो. लोक अजून राहतात. मिंग काळात ठाणेदाराचं पद नऊ श्रेणींच्याही खाली, श्रेणीबाहेरचं. साम्राज्यातला प्रत्येक मोठा माणूस त्याच्या दारात यायचा आणि त्याला नाव ठेवून जायचा.

गावातल्या एका वाड्यावर विटांत कोरलेली चार शुभाक्षरं दाखवतात. १९०० मध्ये आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या तेव्हा राजमाता त्सशी शेतकरणीच्या वेशात पळाली आणि या वाड्यात तिने एक रात्र काढली. सरकारी ठाणं हाकेवर असताना मुक्काम एका धनिकाच्या घरी! १९१३ मध्ये देशातली ठाणी कायमची बंद झाली, पण मला वाटतं ती मुळात त्या उन्हाळ्यातच संपली होती.

इथे येण्याआधी ती यूलिनपाओच्या ठाण्यावर पोचली होती. ह्वायलाय तालुक्याचा अधिकारी वू योंग स्वागताला धावला. त्याने तीन हंडे मूग आणि राळ्याची पेज शिजवून ठेवली होती; पळणाऱ्या शिपायांनी दोन फस्त केले होते. उरलेल्या एकातली पेज बाईंनी मागितली. खायच्या काड्या नव्हत्या म्हणून ज्वारीची धाटं तोडून दिली. नंतर अंडं मिळेल का म्हणाल्या. एका रिकाम्या दुकानाच्या खणात पाच सापडली. तीन त्यांनी खाल्ली, दोन सम्राटाला पाठवली. वू योंगने हा हिशेब नंतर सांगून ठेवला, अंड्यांच्या आकड्यासकट.

बाई खूश झाल्या. त्यांनी वू योंगला तिथल्या तिथे नवं काम सोपवलं : पळत्या दरबाराच्या पुढे जाऊन, लुटल्या गेलेल्या मुलखातून, सगळ्यांच्या रसदीची व्यवस्था करायची. तटाच्या सावलीत बसून भाचीने विचारलं, "मामा, ही बढती की शिक्षा?"

"आमच्याकडे याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात," मी म्हटलं.